वाटेच्या कडेने

पुलाच्या अलीकडे नदीकाठच्या सायकलरस्त्यावर एक खांब होता आणि खांबावर आकड्यांची पाटी. समोरून सायकल गेली की पाटीवरचा आकडा एकाने पुढे सरकायचा. फिनलंडमधल्या औलू शहराच्या लोकांना या आकड्याचं भारी कौतुक. बर्फ पडो, वारं सुटो, आम्ही सायकल सोडत नाही, असं पाहुण्यांना दाखवायला बरं पडतं. पाटी लागल्यापासून आउलिस तिच्यासमोरून जात-येत होता, नोकरीत असताना रोज आणि निवृत्त झाल्यावर दिवसाआड, पण आपण गेल्यावर आकडा सरकतो की नाही हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. असल्या गोष्टी बघायला थांबतं कोण? त्या शनिवारी सकाळी साडेदहाला, उणे अठरा अंशांत, त्याने पाहिलं, तेही नाकावरचा मफलर सारखा करायला पाय टेकला म्हणून. दोनशे चौदा होते. तो पुढे गेला, वळून बघितलं, दोनशे चौदाच. तो मागे आला, पुन्हा गेला. दोनशे चौदा. मागून लाल टोपीवाली एक बाई आली, घसरू नये म्हणून टायरांना मारलेले खिळे बर्फावर करकरवत सरळ निघून गेली, आणि पाटीने निमूटपणे दोनशे पंधरा केले. जाता जाता बाई म्हणाली, "मधून जा हो. कडेने गेलं तर ते घेत नाही." आउलिसने मान हलवली. आपण कडेने जातो हे त्याला ठाऊक नव्हतं. मग इतकी वर्षं आपण मोजलेच गेलो नाही की काय, हा विचार आला आणि त्याला उगीच धाप लागली. चौसष्ट वर्षांच्या माणसाने अशा पोरकट गोष्टीचं काय लावून घ्यायचं, असं म्हणून तो पुन्हा सायकलवर बसला, पण तिसऱ्यांदा मधून जाऊन बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

खिशात फोन होता आणि फोनवर हिल्काचा निरोप होता. हिल्का म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, ताइस्तोची, बायको. बारा वर्षांत तिने दर नाताळाला एक ओळ पाठवली होती, सगळं ठीक, तुझंही असो, आणि यानेही एक ओळ उलट पाठवली होती. कालचा निरोप लांब होता. ताइस्तोला सोमवारी वृद्धाश्रमात नेताहेत, आता माझ्याच्याने होत नाही, तो मला कधी ओळखतो कधी नाही, आज जरा बरा आहे, यायचं तर ये. यायचं तर ये. या घरात बोलावणं म्हणून जन्मात एवढंच मिळालं. शेवटचे ते तीन शब्द वाचून आउलिस निघाला तो दुःखाने नव्हे, हे त्याचं त्यालाही कबूल होतं. बारा वर्षं त्याने एक प्रश्न घासूनपुसून ठेवला होता, आणि त्याचं उत्तर जगात एकाच डोक्यात होतं, आणि ते डोकं आता पिचक्या पिंपासारखं गळायला लागलं होतं. सोमवारनंतर विचारून उपयोग नव्हता. "तू मला ओळखलं होतंस की नाही?" एवढाच प्रश्न. ताइस्तोने "हो, ओळखलं होतं" म्हणावं, की आउलिस मोकळा. मग सगळं त्याच्या माथी. मग बारा वर्षांचा राग बरोबर ठरला, फुकट गेला नाही. आता माणसाने भावाला शेवटचं भेटायला निघावं आणि मनात हे असावं, याला काय म्हणायचं? पण होतं.

शहर संपलं की सायकलरस्ता जंगलात शिरतो. दोन्ही बाजूंना स्प्रूसची सूचीपर्णी झाडं, खालच्या फांद्या बर्फाच्या ओझ्याने जमिनीला टेकलेल्या, मधूनच एखादा भूर्ज वाकून पार कमान झालेला. सूर्य झाडांच्या गुडघ्यांपर्यंत आला होता. जानेवारीत त्याहून वर तो चढत नाही. उजेड तांबूस, आणि त्याला ऊब म्हणून नाही. आउलिसच्या पापण्यांवर बर्फाचे मणी धरले होते, डोळे मिटले की ते एकमेकांना चिकटायचे. कानात स्वतःचा श्वास आणि टायरांची करकर, बाकी काही नाही. तरुणपणी ही शांतता त्याला आवडायची. आता तिच्यात कुणीतरी आपलं बोलणं ऐकायला थांबलंय असं वाटायचं, आणि त्याच्याकडे तर बोलायला एकच वाक्य होतं. ते तो पायडलच्या तालावर घोकत राहिला. ओळखलं होतंस की नाही. ओळखलं होतंस की नाही. रितवा, त्याची बायको, जी आता दुसऱ्याची आहे, ती म्हणायची, तुम्हा भावांना बोलायचे काय पैसे पडतात का? रितवाचं माहेर पूर्वेकडचं, तिकडची माणसं बोलतात. इकडे वडील वारले तेव्हा ताइस्तोने सहा वर्षांच्या आउलिसला अंगणात नेलं होतं, त्याच्या पायांत स्की चढवल्या होत्या आणि म्हटलं होतं, चल. त्या दिवशी दोघं काळोख पडेपर्यंत तळ्याला फेऱ्या मारत राहिले. ताइस्तो तेव्हा सतरा वर्षांचा. तो पुढे, हा त्याच्या पाठीकडे बघत मागे. वडिलांबद्दल त्यानंतर कुणी काही बोललं नाही, आणि बोलायची गरजही नव्हती, असं आउलिसला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं.

स्कीवाटेवर बूट ठेवायचा नाही, हेही त्याच हिवाळ्यात शिकला. जंगलातून तळ्यापर्यंत गावाची स्कीवाट होती, दोन समांतर चर, सुतारानं किसून काढावेत तसे. एकदा तो चालत त्यावरून गेला तर ताइस्तोने कानाखाली आवाज काढला. तो रडत आईकडे गेला. आईने आधी दुसऱ्या गालाकडे बघितलं, जणू तिथेही एक द्यावी, आणि म्हणाली, "आज जो स्कीवाटेवर पाय देतो तो उद्या चर्चमध्ये थुंकेल." आई सेल्मा. पाच फुटांची बाई, पण या बाबतीत पाद्रीसुद्धा तिला वचकून. पाय देऊ नये, कुत्रं नेऊ नये, सायकल तर मनातही आणू नये. चोरी केलेल्या माणसाला या गावाने कॉफी पाजली असेल, पण वाट मोडणाऱ्याला नाही. ताइस्तो मोठा होऊन वाटेचा राखणदारच झाला. स्नोमोबाइलच्या मागे लोखंडी फणी बांधून तो दर दोन दिवसांनी वाट घट्ट करायचा, चर पाडायचा, फुकट, तीस-पस्तीस वर्षं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि कुणी आभार मानले नव्हते. त्याच्या पद्धतीप्रमाणे ते ठीकच होतं.

बारा वर्षांपूर्वीचा तो दिवस आउलिसने इतक्यांदा काढून पाहिला होता की त्याच्या कडा झिजल्या होत्या. फेब्रुवारी, दोन दिवस सतत बर्फ. सकाळी ताइस्तोचा फोन. आईचं काही खरं नाही. रस्ता बंद आहे. यायचं तर ये. आउलिस म्हणाला, निघतो. आणि फोन ठेवायच्या आधी ताइस्तो म्हणाला, "मी वाट घट्ट करायला जातोय." हे वाक्य! आई मरणाला टेकलेली आणि हा माणूस भावाला स्वतःच्या फण्या-चरांचं सांगतो. तिथूनच आउलिसचं रक्त तापायला लागलं होतं. गाडी त्याच्याकडे नव्हती, घटस्फोटात गेली होती. स्की कधीच मोडून तळघरात पडल्या होत्या. होती ती सायकल. हमरस्त्याने वीस किलोमीटर तो आला, गावाच्या वळणावर पोचला आणि बघतो तर आत जाणारा रस्ता मांडीएवढ्या बर्फाखाली. बाजूला स्कीवाट मात्र मोकळी, ताजी, घट्ट, दिव्यांखाली चकाकत असलेली. घर तिथून तीन किलोमीटर. तो उभा राहिला. किती वेळ उभा राहिला? हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, पण चांगली पाच मिनिटं तो तिथे उभा होता. आई मरतेय आणि हा बावन्न वर्षांचा बाप्या वाटेवर चाक घालावं की नाही याचा विचार करतोय. मग घातलं चाक. खिळ्यांच्या टायरांनी चर कचाकच फुटत गेले, आणि ते फुटताना त्याला, देवा, बरं वाटलं.

अर्ध्या वाटेवर समोरून दिवा आला. इंजिनचा आवाज, फणी, आणि वर ताइस्तो. आउलिसच्या तोंडावर नाकापर्यंत मफलर, त्यावर बर्फाचं कवच, डोळ्यांवर चष्मा. ताइस्तोने मशीन थांबवलं, दिवा याच्या डोळ्यांत, आणि ओरडला, "वाटेवरून बाजूला!" बस. दोन शब्द. आउलिस थांबला. त्याने वाट पाहिली की आता हा पुढे काही म्हणेल. आई कशी आहे ते म्हणेल, मागे बस म्हणेल, निदान नाव घेईल. ताइस्तोही थांबला होता, इंजिन धडधडत होतं. आउलिसला मफलर खाली ओढून म्हणता आलं असतं, अरे मी आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण सख्ख्या भावाला ओळख सांगायची? त्याने सायकल उचलली आणि बाजूच्या बर्फात उतरला, मांडीपर्यंत. मशीन त्याच्या अंगावर बर्फ उडवत निघून गेलं, याने फोडलेले चर पुन्हा सरळ करत. आता यापुढचा भाग. मशीन गेल्यावर जंगलात कुणी नव्हतं. वाट समोर मोकळी होती. पुन्हा वर चढून सात-आठ मिनिटांत घरी पोचता आलं असतं. आउलिस चढला नाही. तो कडेने, मांडीएवढ्या बर्फातून, सायकल ढकलत गेला, एक तास दहा मिनिटं. नियम होता म्हणून, असं तो पुढे स्वतःला सांगत आला. पण जंगलात एकटं असलं की माणसाला स्वतःशी खोटं बोलणं जड जातं. त्याला तसं, कमरेपर्यंत भिजलेलं, ओठ निळे पडलेलं, ताइस्तोपुढे उभं राहायचं होतं. बघ, तू मला काय केलंस. त्या चित्रासाठी तो एक तास दहा मिनिटं चालला.

घरी पोचला तेव्हा आई जाऊन वीस मिनिटं झाली होती. हिल्का तिच्या उशाशी बसली होती. आईने दोनदा विचारलं, आउलिस आला का, आणि हिल्काने दोन्ही वेळा सांगितलं होतं, वाटेत आहे. आईचे हात गोधडीवर होते, अजून पुरते गार झाले नव्हते. आउलिसचे हात त्यांच्याहून गार होते. थोड्या वेळाने ताइस्तो आला, दारात बूट आपटून बर्फ झटकला, आईकडे बघितलं, आउलिसकडे बघितलं, त्याच्या ओल्या विजारीकडे बघितलं. स्वयंपाकघरात आउलिस त्याला म्हणाला, "आई मरत होती आणि तू वाट सरळ करत होतास."  ताइस्तोने कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. त्यानंतर दोघा भावांत शब्द नाही. दफनाच्या दिवशी दोघांनी एकाच पेटीला खांदा दिला, पुढे एक आणि मागे एक. रितवा ऐकून म्हणाली होती, सुंभ जळेल पण तुमचा पीळ जायचा नाही. तेव्हा ती अजून फोन करायची.

गावाचं वळण आलं. आज रस्ता उघडा होता, बर्फाचा नांगर फिरवून साफ केलेला, सायकल सुखाने गेली असती घरापर्यंत. वळणापाशी सायकलवाल्यांसाठी नवी पाटी लावलेली, जंगलातून जाड टायरांच्या सायकलींसाठी वेगळी दाबलेली पायवाट, पिवळ्या बाणांसकट. आता सगळं आहे, आउलिसच्या मनात आलं, आता सायकलीलाही वाट आहे. आई मेल्यावर. ती पायवाट झाडांमधून वळणं घेत जायची, आणि त्याने, का कोण जाणे, तीच धरली. बर्फ इतका कोरडा होता की चाकाखाली पिठासारखा सरकायचा. एके ठिकाणी मूस हरणाच्या खुरांचे खड्डे, त्यांच्यात निळी सावली.  घराच्या अलीकडे पायवाट स्कीवाटेला आडवी ओलांडते. तिथे तो उतरला. कुणीतरी नवा माणूस आता फणी फिरवत असणार, चर जरा वाकडे होते. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बाण सांगत होता, सायकल सरळ ओलांडायला परवानगी आहे. आउलिसने सायकल खांद्यावर उचलली, लांब ढांग टाकली आणि चराला टाचही न लावता पलीकडे गेला. मग स्वतःवरच इतका चिडला की त्याला मोठ्याने शिवी द्यावीशी वाटली, पण ऐकायला कुणी नव्हतं.

अंगणात ताइस्तो उभा होता. जुना पट्ट्यांचा अंगरखा, कानटोपी, हातात मोजे नाहीत. बंद शेडच्या दारापाशी उभा राहून तो कडीकडे बघत होता. किती लहान झाला होता! आउलिसच्या आठवणीतला दारभर माणूस याच्यात दोनदा मावला असता. सायकलची करकर ऐकून तो वळला, आणि त्याचे डोळे, तेच आईचे फिकट निळे डोळे, आउलिसच्या तोंडावरून सरळ सायकलच्या चाकांवर गेले. आउलिसने मफलर खाली ओढला. या वेळी ओढला. ओठांवरचा बर्फ कातड्यासकट निघाला.

"तुम्ही कुठून आलात?" ताइस्तोने विचारलं.

तुम्ही. या भावाने त्याला कानफटवलं होतं, स्की शिकवल्या होत्या, बारा वर्षं तोंड फिरवलं होतं, पण तुम्ही कधी म्हटलं नव्हतं. आउलिस म्हणाला, शहराकडून. ताइस्तोने चाकाकडे बोट केलं. "वाटेवरून नाही ना आलात?"

"नाही. उचलून ओलांडली."

"बरं केलंत." ताइस्तोचा चेहरा जरा सैल झाला. समजूतदार माणूस भेटल्यावर बोलावं तसा तो बोलायला लागला, आणि इतकं बोलला की आउलिसने त्याला जन्मात तेवढं बोलताना ऐकलं नव्हतं. शेडची चावी सापडत नाही, बायकोने कुठे ठेवली देव जाणे. मशीन काढायचंय. सकाळपासून दोनदा वाट दाबली, पण बर्फ थांबत नाही. आणि वर एक गाढव सायकल घेऊन मधोमध आलं, सगळे चर फोडले. आज, सगळे दिवस सोडून आज! "माझा भाऊ यायचाय शहरातून. रस्ता बंद आहे. स्कीशिवाय कसा येणार तो? म्हणून वाट करतोय. आईचं काही खरं नाही. त्याला यायला हवं."

आउलिसचा हात सायकलच्या मुठीवर होता. मूठ गार होती, मोज्यातूनही कळत होती. फोन ठेवण्याआधीचं ते वाक्य त्याला ऐकू आलं, जसंच्या तसं, ताइस्तोच्या त्याच सपाट आवाजात. मी वाट घट्ट करायला जातोय. बारा वर्षं हे वाक्य त्याने रागाच्या पहिल्या पायरीवर ठेवलं होतं. एवढंच पुढे जोडायचं होतं, तुझ्यासाठी. पण तो शब्द ताइस्तो म्हणाला नसता, आणि आपणही म्हणालो नसतो. उघडच आहे, मग कशाला बोलायचं. आमच्याकडे असंच असतं. तोंडाला आलेला प्रश्न त्याने तरीही विचारला, कारण त्याच्याकडे दुसरा नव्हताच.

"तो सायकलवाला. तुम्ही त्याला ओळखलं नाही?"

"तोंड झाकलेलं. बर्फ चढलेला. कोण कुठला." ताइस्तोने उघड्या हातांनी कडी पुन्हा ओढून पाहिली. "थांबलो होतो मी जरा. म्हटलं, ओळखीचा असेल तर बोलेल. नाही बोलला. मुकाट उतरला कडेला."

असं आहे तर. आउलिसने वाट पाहिली होती, आणि ताइस्तोनेही पाहिली होती, मधे इंजिन धडधडत होतं, आणि घरात आई विचारत होती. आउलिस एक पाऊल पुढे आला. तो मी होतो, असं म्हणावं. आता म्हणावं. पण हे ऐकून या म्हाताऱ्याचं काय होईल? त्याच्या डोक्यात तो एकच दिवस उरला होता आणि त्या दिवसात भाऊ अजून यायचा होता, चांगला होता, स्कीवरून येणार होता. ते तेवढं काढून घ्यायचं, आपल्याला हलकं वाटावं म्हणून? ताइस्तो त्याच्याकडे बघत होता. "तुम्हाला दिसला का तो? येताना?"

"वाटेत आहे," आउलिस म्हणाला.

हिल्का दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कळलं नाही. तिने ताइस्तोच्या हातात मोजे चढवले, लहान मुलाला चढवतात तसे, आणि आउलिसला खुणेने शेडच्या मागे बोलावलं. आउलिसने तिला विचारलं, हे तुला माहीत होतं? तिने नवलाने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे काय? त्या सकाळी आईच्या उशाशी उभं राहून तोच म्हणाला होता, आउलिससाठी वाट करून येतो. तुला ठाऊक असेल असंच मला वाटलं. आउलिस म्हणाला, बारा वर्षं, हिल्का, आणि तू एक अक्षर बोलली नाहीस. हिल्काने शालीचं टोक तोंडावर ओढलं. तिचे डोळे लाल होते, थंडीने असतील किंवा जागरणांनी.

"तू विचारलंस का कधी?" ती म्हणाली. "आणि तो, तो सांगणाऱ्यातला आहे का? तुझी सायकल त्याने अंगणात बघितली होती, आउलिस. तुझी ओली विजारही. तेव्हा कळलं त्याला, तो कोण होता. त्यानंतर दोन वर्षं फणीला हात लावला नाही त्याने. मी विचारलं तर म्हणाला, पाठ दुखते."

म्हणजे उत्तर मिळालं होतं. ओळखलं होतं, पण उशिरा, स्वयंपाकघरात, कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवताना. त्याच वेळी आउलिस 'तू वाट सरळ करत होतास' हे त्याच्या तोंडावर मारत होता. आणि आता ते ओळखणं ताइस्तोच्या डोक्यातून गळून गेलं होतं, फक्त वाट पाहणं शिल्लक होतं. आउलिस मोकळा व्हायला आला होता. सगळं ज्याच्या माथी मारायचं तो निसटला होता, विसरून, आणि आता ते ओझं वाहायला या अंगणात एकच माणूस उरला होता. हे त्याला इतकं अन्यायाचं वाटलं की पुन्हा रागच आला, तोच जुना, ओळखीचा राग. पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

शेडच्या बाहेरच्या भिंतीला आईच्या स्की टांगलेल्या होत्या. लाकडी, चामड्याच्या पट्ट्यांच्या, ज्यांत कुठलाही बूट जातो. आउलिसने त्या खाली काढल्या. हिल्का बघत राहिली, तिने का म्हणून विचारलं नाही, आणि या एका वेळी तिने विचारलं नाही ते बरं झालं. सायकल त्याने शेडमागे बर्फात आडवी केली, दिसणार नाही अशी. मग झाडांच्या आडून फिरून तो स्कीवाटेवर गेला. स्की त्याला आखूड होत्या, पट्टा एका बाजूने चिरलेला, आणि वीस वर्षांत तो स्कीवर उभा राहिला नव्हता. पहिल्याच उतारावर तो आपटला. उठला. गुडघ्यातून कळ गेली. अर्धा किलोमीटर तो लांब गेला, जिथून घर दिसत नाही तिथवर, आणि तिथे वळला. सूर्य झाडांमागे गेला होता, बर्फ निळा झाला होता. ताइस्तो पुढे आणि आपण त्याच्या पाठीकडे बघत मागे, तळ्याभोवती, तसे त्याचे पाय चालायला लागले. आज पुढे पाठ नव्हती. पण पाय विसरले नव्हते, आणि चर त्याला धरून नेत होते, वाकडे का होईनात. छातीत जे दाटलं होतं त्याला आशा म्हणायला तो तयार नव्हता. तरी त्याने वेग वाढवला. घाई करायला हवी असं त्याला खरोखर वाटत होतं.

ताइस्तो फाटकापाशी येऊन उभा होता, मोजे घातलेले हात बाजूला सोडून. आउलिस चरातून सरळ त्याच्याकडे गेला, मधोमध, आणि त्याच्यापुढे थांबला. दोघांच्या तोंडची वाफ मधे मिसळली. ताइस्तोने त्याच्या स्कींकडे पाहिलं, मग काठ्या नसलेल्या हातांकडे, मग तोंडाकडे, आणि बराच वेळ तोंडाकडेच. त्या फिकट डोळ्यांत कुठेतरी खोल काहीतरी हललं, आणि आउलिसला दिसलं की आपल्याला ओळखलं आहे. यात शंकाच नव्हती.

"आउलिस," ताइस्तो म्हणाला.

"हो."

ताइस्तोने मागे घराकडे, आईच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे आता हिल्काचं शिवणाचं यंत्र होतं. मग तो पुन्हा वळला.

"उशीर केलास," तो म्हणाला. "गेली ती."

आउलिसला वाटलं होतं आपण काहीतरी म्हणू. रस्ता बंद होता म्हणू, किंवा तूच तर म्हणालास बाजूला हो. ही सगळी वाक्यं त्याच्याकडे तयार होती, बारा वर्षं धार लावलेली.

"हो," तो म्हणाला. "केला उशीर."

ताइस्तोने मान हलवली आणि तो घराकडे वळला. दारात त्याने बूट आपटून बर्फ झटकला. आतून कॉफीचा वास येत होता. आउलिसने स्की काढल्या, एकमेकींवर आपटून साफ केल्या, आणि आईला आवडायच्या तशा, टोकं वर करून, भिंतीला लावून ठेवल्या.